शपथविधी झाला, कारभाराचे काय?

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि जुलैच्या पावसाबरोबर गोंदिया जिल्ह्याच्या बांध्यांतून रोवणीची घाई सुरू होते. पऱ्हे उपटणाऱ्या आणि चिखलात वाकून धान रोवणाऱ्या हातांत शाळकरी मुलामुलींचेही हात असतात, हे या महिन्याचा हजेरीपट पाहून कोणीही शिक्षक सांगेल. याच दिवसांत शाळाशाळांतून दुसरीही एक गडबड चाललेली असते. उमेदवारी अर्ज भरले जातात, चिन्हे वाटली जातात, प्रचाराला एखादा दिवस मिळतो. मग एका वर्गखोलीत मतदान केंद्र थाटून, बोटाला शाई लावून, आणि अलीकडे तर मोबाइल फोनलाच मतदान यंत्राचे रूप देऊन, शालेय मंत्रिमंडळ निवडले जाते. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री अशी खाती ठरतात. मुख्याध्यापक शपथ देतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर छायाचित्र येते. आमच्याही पानावर ते येते. त्या छायाचित्रानंतर पुढे काय झाले, याची बातमी मात्र आमच्याकडे आजवर कोणी पाठविली नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही ती कधी मागितली नाही.

या सोहळ्याची आम्ही थट्टा करीत नाही. गुप्त मतदान म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलाने नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ करण्याऐवजी स्वतः करून शिकावे, ही गोष्ट चांगलीच आहे. ज्या शिक्षकांनी पदरमोड करून मतपत्रिका छापल्या, रविवारी शाळेत येऊन मतदारयाद्या केल्या, त्यांचे कौतुकच केले पाहिजे. आमचा प्रश्न शपथविधीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. हे मंत्रिमंडळ महिन्यातून एकदा तरी बैठकीला बसते काय? बसले तर इतिवृत्त कोण लिहितो? खिचडीत खडे निघतात असे एखाद्या आहारमंत्र्याने सांगितले, तर ते कोणी ऐकून घेतो काय, आणि आठ दिवसांनी त्यास काही उत्तर मिळते काय? स्वच्छतामंत्र्याच्या हाती झाडूखेरीज आणखी काही दिले जाते काय? आमच्या पाहण्यात जी मंत्रिमंडळे आली, त्यांतील बहुतेकांचे काम प्रार्थनेच्या रांगा लावणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि शिक्षक वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे एवढेच होते. हा तर आपला जुना मॉनिटर झाला. त्यास मंत्री म्हणू लागलो, इतकाच काय तो फरक.

विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाची कल्पना काही आजची नव्हे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२-५३ साली माध्यमिक शिक्षण आयोगाने काम केले, तेव्हा सर्व शाळांतून विद्यार्थी मंडळे असावीत, अशी शिफारस त्याने केली. या मंडळांनी काय करावे, हेही आयोगाने सांगून ठेवले आहे. शाळेची आचारसंहिता तयार करणे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे, ही जबाबदारी विद्यार्थ्यांची. या शिफारशीला सत्तर वर्षे उलटून गेली. ज्या नियमांनी आपण बांधलेले आहोत, त्यांतला एक तरी नियम आपण केला आहे, असे सांगू शकणारा विद्यार्थी आज आपल्या जिल्ह्यात शोधावा लागेल.

त्याहूनही जुने उदाहरण तर विदर्भातलेच आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीमची योजना पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुले आपल्यांतूनच मंत्री निवडीत. अन्नाचा मंत्री वेगळा, आरोग्याचा वेगळा, सफाईचा वेगळा. पण तेथील अन्नमंत्र्याला खरोखरच धान्याचा हिशेब ठेवावा लागे आणि आपण काय केले ते सर्वांच्या आमसभेपुढे सांगावे लागे. भाजी कमी पडली तर ती का पडली, हे विचारण्याचा अधिकार लहानातल्या लहान मुलास होता. त्या मंत्र्यांच्या शपथविधीचा फोटो कोणी काढला असेल असे आम्हांस वाटत नाही. आज आपल्या शाळांनी खात्यांची ती नावे तेवढी उचलली आणि हिशेब मागणारी आमसभा मात्र वाटेतच सोडून दिली.

गोंदिया जिल्हा १९९९ च्या महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण येथील शाळांचा इतिहास त्याहून बराच मागे जातो. स्वतःला फारसे शिकता न आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था उभी केली आणि ज्या खेड्यांतील मुलांना हायस्कुलाचे दारही दिसत नव्हते, त्यांच्या जवळ हायस्कूल नेले. त्या पिढीपुढचा प्रश्न शाळा आहे की नाही हा होता. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या जंगलाकडेच्या तालुक्यांत आज जिल्हा परिषदेच्या, खाजगी संस्थांच्या आणि आश्रमशाळांच्या इमारती उभ्या आहेत. मुलींना शाळेत पोचविण्यासाठी मानव विकास योजनेतील निळ्या बस धावतात. दार उघडले आहे. आत आलेल्या मुलाचा त्या घरात काही वाटा आहे की तो तेथे केवळ पाहुणा आहे, एवढे पाहणे आता आपल्याकडे आले आहे.

हा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी या मुलांच्या पुढील पाच-सहा वर्षांकडे नजर टाकावी. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे आज नववीत बसलेली मुलगी चार वर्षांत आमदार, खासदार आणि सरपंच निवडणार. मधल्या काळात तिला कारभाराचा सराव कोठे मिळावा? महाविद्यालयात मिळेल म्हणावे, तर तेथील दार तीस वर्षांपूर्वीच बंद झाले. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि विद्यार्थी निवडणुकांतील गुंडगिरीने सारा महाराष्ट्र हादरला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका संपविल्या आणि परीक्षेत अधिक गुण मिळविणारा तो वर्गप्रतिनिधी, अशी सोय केली. रोग्यास ताप आला म्हणून त्याचे खाणेपिणेच कायमचे बंद करावे, त्यातलाच हा उपाय! पुढे २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, २०१९ मध्ये त्या घेण्याची तयारीही झाली, आणि मग त्या पुढे ढकलण्यात आल्या.

निवडणूक आयोगाने २०१८ पासून शाळांतून मतदार साक्षरता मंडळे सुरू केली आहेत आणि नववी ते बारावीच्या मुलांना त्यांतून मतदानाची माहिती दिली जाते. हे काम उपयोगाचेच आहे. पण तेही मतपेटीपाशी येऊन थांबते.

आपल्या जिल्ह्यात मतपेटीला आणखीही एक पार्श्वभूमी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, इतरत्र मतदार संध्याकाळपर्यंत निवांतपणे केंद्रावर जात असताना, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव या आपल्या दोन विधानसभा क्षेत्रांतील मतदान दुपारी तीन वाजता संपविण्यात आले. कारण सर्वांस ठाऊक आहे: नक्षलवाद्यांच्या भयाने मतपेट्या दिवसाउजेडी परत न्यावयाच्या होत्या. वर्षानुवर्षे या भागातील मुलांनी मतदान पाहिले ते बंदुकीच्या पहाऱ्यात. बंदुकीचा मार्ग पत्करणारे त्यांना हेच सांगत आले की, तुमच्या मताला किंमत नाही, तुमचे कोणी ऐकत नाही. त्याला पोलीस चौकीने उत्तर दिले आणि ते द्यावेच लागले. शाळेने काय उत्तर दिले? मूल दहा वर्षे शाळेत काढते आणि त्या दहा वर्षांत त्याच्या म्हणण्यावरून शाळेतली एखादी खिडकीही दुरुस्त होत नसेल, तर ते कोणाचे म्हणणे खरे मानील?

आता या मंत्रिमंडळांत निवडून कोण येते, तेही पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बोलली जाणारी भाषा एक नाही. झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, सरहद्दीकडे हिंदी आणि छत्तीसगढी आहे. शाळेतील नेता मात्र बहुधा तोच होतो, ज्याला पुस्तकी मराठीत न अडखळता भाषण करता येते. तो बहुधा शिक्षकांचा, दुकानदाराचा किंवा गावच्या पुढाऱ्याचा मुलगा असतो. मतदानापूर्वीच शिक्षकांच्या मनात त्याचे नाव असते आणि मुलांना ते बरोबर कळते. देवरीकडच्या गोंड मुलामुलींविषयी तर 'ही मुले पुढे येत नाहीत' असे सरसकट म्हटले जाते.

हे म्हणणाऱ्यांनी व्हेरियर एल्विन यांचा १९४७ साली प्रसिद्ध झालेला बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावरील ग्रंथ अवश्य चाळावा. घोटुलाविषयी शहरी माणसास एवढीच एक गोष्ट ऐकून माहीत असते आणि ती सांगताना तो डोळे मिचकावतो. पण घोटुल ही मुलामुलींनी स्वतः चालविलेली संस्था होती. मुलांत सिरदार, मुलींत बेलोसा, आणि त्यांच्या हाताखाली निरनिराळ्या पदांची उतरंड. लाकूडफाटा कोणी आणावयाचा, झाडलोट कोणी करावयाची, चुकणाऱ्यास दंड काय, हे सारे तेच ठरवीत. वडीलधारी माणसे त्यात सहसा पडत नसत. बस्तर येथून फार दूर नाही आणि ज्या विशाल समाजात ही व्यवस्था उपजली, त्याच समाजाची मुले आपल्या आश्रमशाळांत बसतात. स्वयंशासन त्यांना आपण शिकवावे लागेल, हा आपला गैरसमज आहे.

मुलींची गोष्टही याच जातीची. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांना राखीव आहेत आणि तरीही गावोगाव सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी पतिराज ठाण मांडून बसलेले दिसतात. शाळेत याची पूर्वतयारी चालते म्हणावे काय? मुख्यमंत्री मुलगा, मुलीकडे सांस्कृतिक खाते. पाहुणे आले की तिने ओवाळावे आणि त्याने भाषण करावे.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल. वृत्तपत्राच्या कामात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षक होतो आणि एका हायस्कुलात विद्यार्थी मंडळाचे काम आमच्याकडे होते. मुख्याध्यापकांसमोर मंडळाची वर्षातून एकदा बैठक होई. त्या बैठकीत क्रीडास्पर्धांच्या तारखा ठरत, स्नेहसंमेलनाची वर्गणी ठरे, चहा होई. एका वर्षी आठवीतील एक मुलगी आरोग्य प्रतिनिधी म्हणून निवडून आली होती. सारे विषय आटोपल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मुलींच्या बाथरूमला कुलूप का राहते? किल्ली तुमच्या खोलीत राहते. मागायला आलं तर सगळे सर बसलेले असतात." मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही तिला म्हणालो, "खाली बस. हा आजचा विषय नाही."

ती बसली. वर्षभर तिने आपले काम नीट केले, म्हणजे नखे तपासली आणि पाण्याच्या टाकीजवळ रांग लावली. पुन्हा तिने काही विचारले नाही आणि पुढच्या वर्षी ती उभी राहिली नाही. कुलूप आम्ही ती शाळा सोडेपर्यंत होते. त्या वयाच्या मुलींनी दिवसभर पाणी न पिता राहणे, महिन्यातले काही दिवस घरीच राहणे, आणि पुढे शाळाच सोडणे, यांचा त्या कुलपाशी काय संबंध असतो, हे कळण्याइतके आम्ही तेव्हाही अडाणी नव्हतो. मुख्याध्यापकांना अवघडल्यासारखे होऊ नये, एवढ्यासाठी आम्ही एका लोकप्रतिनिधीचे तोंड बंद केले.

पोलंडमधील यानुश कॉर्चाक या डॉक्टरांची आठवण आम्हांस अशा वेळी हटकून होते. १९१२ पासून वॉर्सा शहरात त्यांनी अनाथ मुलांचे एक वसतिगृह चालविले. तेथे मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत आणि तेथील नियमावलीत शिक्षेपेक्षा क्षमेचीच कलमे अधिक होती. मुख्य म्हणजे, मूल मोठ्या माणसावरही फिर्याद करू शकत असे. खुद्द कॉर्चाक त्या न्यायालयापुढे एकदा नव्हे, अनेकदा उभे राहिले. १९४२ साली नाझींनी त्या मुलांना मृत्यूच्या छावणीत नेले, तेव्हा स्वतः सुटण्याची संधी नाकारून ते त्यांच्यासोबत गेले; आणि त्याच्या थोडेच दिवस आधी त्या मुलांनी आपल्या रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक बसविले होते. मुलांपुढे आरोपी म्हणून उभे राहिल्याने त्यांचा अधिकार कमी झाला, असे कोणास म्हणता येईल? आमच्याने तर एका प्रश्नासमोर उभे राहवले नाही.

आक्षेप पुष्कळ येतील. शाळेत राजकारण नको, हा पहिला. पण गावचे राजकारण शाळेत अगोदरच आहे. संस्थेच्या निवडणुकीत आहे, शिक्षकांच्या बदल्यांत आहे. मुलांच्या बैठकीत नळ आणि बाक यांची चर्चा झाल्याने ते वाढणार नाही. अभ्यास बुडेल, हा दुसरा आक्षेप, आणि तो करणाऱ्या पालकांना महिन्यातून एक तास जड वाटावा हे नवल आहे. तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. मतदारयाद्या, जनगणना, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती, या साऱ्यांत शिक्षक आधीच पिळून निघतो. चार वर्गांना दोन शिक्षक असलेल्या शाळेत आणखी एक काम कोणी करावे? यावर आमचे उत्तर असे की, हे काम शिक्षकाचे नव्हेच. त्याने त्या तासाला मागच्या बाकावर बसावे आणि भांडण हातघाईवर आले तरच उठावे. इतिवृत्त मुले लिहितील. शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. आणि त्याचा एखादा कागद वरच्या कार्यालयाने 'अहवाल' म्हणून मागू नये, ही काळजी शिक्षणाधिकाऱ्यांनी घ्यावी. नाहीतर पुढच्या वर्षी बैठक न होताच अहवाल तयार होईल.

निवडणूक हीच एक रीत आहे, असेही कोणी समजू नये. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहते, आणि त्या बळावर तिने २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. तीस मुलांच्या वर्गाला हे का जमू नये?

शासनाकडे आमचे मागणे फार मोठे नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. बालकाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ सालीच मान्य केला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या आणि केंद्राच्या नमुना नियमांनी त्यांत शाळेतील बालकांनाही घेता येईल अशी वाट ठेवली. पैशाचीही सोय आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पटानुसार वार्षिक अनुदान मिळते. शंभरावर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेस ५० हजार रुपये, त्यापुढे हजारापर्यंत ७५ हजार. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हावा, असा दंडक आहे. म्हणजे पाच हजार किंवा साडेसात हजार रुपये. एवढ्या रकमेचे काय करावयाचे, हे शालेय मंत्रिमंडळाने ठरवावे, आणि त्याचा हिशेब विद्यार्थ्यांच्या सभेत फळ्यावर लिहून मांडावा. मुले कदाचित साबण घेतील, कदाचित नळाच्या तोट्या, कदाचित मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी. एखादी शाळा चुकीची वस्तूही घेईल. साडेसात हजारांत चुकलेली मुले पुढे साडेसात कोटींचा रस्ता मंजूर करताना कदाचित दोनदा विचार करतील; ज्यांना हा सराव मिळाला नाही, त्यांचे रस्ते आपण दर पावसाळ्यात पाहतोच.

याखेरीज एकच गोष्ट हवी. बैठकीत मुलांनी लेखी विचारलेल्या प्रश्नास मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर 'नाही' असले तरी चालेल, कारण दिले म्हणजे झाले.

शपथविधीची छायाचित्रे यंदाही आमच्याकडे येतील आणि नेहमीप्रमाणे आम्ही ती छापू. पण या जिल्ह्यातील ज्या शाळेच्या मंत्रिमंडळाची दिवाळीच्या सुट्टीपूर्वी निदान तीन बैठकी झाल्या असतील, त्या शाळेने आपल्या इतिवृत्ताच्या वहीची प्रत आम्हांस पाठवावी. मुलांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांस मिळालेली उत्तरे, दोन्हीसह. मुलांची नावे वगळून, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखनाला हात न लावता, आम्ही ती याच पहिल्या पानावर छापू.